टिल्लूंचा शनिवार

कुणी वारलं की त्या घरी भेटायला जाण्याचं आपल्याकडे एक शास्त्र आहे. चपला आवाज न करता काढायच्या, चेहरा दारातच उतरवायचा, माणूस नव्वदीचा असला तरी "फार अचानक झालं" म्हणायचं, पंख्याकडे बघत थोडं बसायचं, पाणी आलं की "कशाला, कशाला" म्हणत पिऊन टाकायचं आणि उठायचं. या शास्त्रात मी विशेष प्रावीण्य मिळवलेलं आहे. मनोहर टिल्लूंना मात्र त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

माझे वडील गेले तेव्हा टिल्लू आले. आईसमोरच्या खुर्चीत बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "वहिनी, शेवटी शेवटी ते काय ऐकत होते?"

माझ्या आत्याच्या हातातला पाण्याचा तांब्या हिंदकळला. मी जमिनीत जागा शोधू लागलो. आई मात्र, जी तोवर सगळ्यांना नुसती मान हलवून उत्तरं देत होती, ती विचारात पडली.

"भूप," ती म्हणाली. "रेडिओवर लागला होता एकदा. तेव्हापासून तेच गुणगुणत होते. बेसूर."

"पूर्ण ऐकला होता का?"

"तर! कुकर उतरवू दिला नाही मला. भात करपला."

"मग ठीक," टिल्लू म्हणाले, उठले आणि गेले. पाणीही प्यायले नाहीत.

"काय माणूस आहे!" आत्या म्हणाली.

"हा एकटाच भेटायला आला," आई म्हणाली. "बाकीचे तोंड दाखवून गेले."

टिल्लू डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दिवसभर दुधाचे नमुने तपासायचे आणि संध्याकाळी धनकवडीच्या चढावरून सायकल हातात धरून घरी यायचे. सायकलवर बसून चढ चढताना धाप लागते, आणि धापेत मनातलं गाणं तुटतं, म्हणून ते चालत. अंगाने काटकुळे, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं, आणि कान मात्र देवाने दुसऱ्या कुणासाठी घडवून चुकून यांना चिकटवल्यासारखे मोठे. कुणी भेटलं की "कसे आहात" विचारायचं नाही, पावसापाण्याचं बोलायचं नाही. थेट प्रश्न: "सध्या काय ऐकताय?"

मला तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा मी विमा कचेरीत नुकताच चिकटलेला, स्वतःवर बेहद्द खूश असलेला तरुण होतो. स्वारगेटजवळच्या एका दुकानात टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकून उभा होतो. शेजारी टिल्लू, त्यांचाही टेप काउंटरवर उघडा पडलेला.

"सध्या काय ऐकताय?"

"सगळंच," मी ऐटीत म्हणालो.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सगळं म्हणजे काहीच नाही. शनिवारी चार वाजता या. जे ऐकताय ते घेऊन या. जे ऐकायला हवं असं वाटतं ते नको."

हा होता शनिवार. टिल्लूंच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला टेकून तीन-चार माणसं, मध्ये टेपरेकॉर्डर. प्रत्येकाने त्या आठवड्यात खरोखर जे ऐकलं ते आणायचं. गाणाऱ्याचं नाव आधी सांगायचं नाही. नाव सांगितलं की माणूस नाव ऐकतो, असं त्यांचं म्हणणं. मध्ये बोलायचं नाही, वाहवा करायची नाही, मांडीवर ताल धरून शेजाऱ्याला आपलं ज्ञान कळवायचं नाही. आणि लावलेलं पूर्ण ऐकायचं. एकदा मी मध्येच घड्याळ बघितलं तर टिल्लूंनी टेप बंद केला, मागे गुंडाळून पहिल्यापासून लावला. त्यानंतर मी शनिवारी घड्याळ घरी ठेवून जाऊ लागलो.

मंडळींत कुसुमताई होत्या. मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कडक इस्त्रीची साडी, कडक इस्त्रीचा आवाज. त्या नेहमी भारदस्त ख्याल आणत. एका शनिवारी त्यांनी कॅसेट पुढे केली. टिल्लूंनी ती हातात घेऊन उलटसुलट केली.

"ताई, हिच्या डबीच्या कोपऱ्याला सेलोफेनचा कागद अजून चिकटलेला आहे."

"मग?"

"मग ही तुम्ही आज सकाळी फोडली. आठवडाभर काय ऐकत होतात?"

"टिल्लू, मी वयाने तुमच्यापेक्षा मोठी आहे."

"म्हणूनच विचारतो. मोठ्यांचं बघून लहानांना खोटं बोलायची सवय लागते."

कुसुमताईंचा चेहरा आमच्यादेखत गुलाबी होत गेला. बराच वेळ पर्सचा बंद चाळवून त्यांनी आतून दुसरी कॅसेट काढली, आणि आयुष्यभर मुलींना खाली बघून चाला असं सांगणाऱ्या त्या बाईंनी आमच्यासमोर हिंदी सिनेमातलं एक कॅबरे गाणं ठेवलं. त्यात गाणारी बाई गाण्यापेक्षा उसासेच जास्त टाकत होती. मला हसू आवरेना. मी सतरंजीचे धागे मोजत बसलो. टिल्लूंनी मारवा ऐकावा तसे डोळे मिटून ते गाणं ऐकलं. संपल्यावर म्हणाले, "दुसऱ्या कडव्याआधी ती श्वास घेते तिथे वाद्यं थांबतात. तिथेच धरलं ना तुम्हाला?"

"हो," कुसुमताई पुटपुटल्या.

"मलाही धरलं. पुन्हा लावू." आणि लावलं.

दुसरे सोपानराव. धनकवडीचेच जुने शेतकरी. बहुतेक जमिनीवर इमारती उभ्या राहिल्यावर स्वतःच्याच शेतात फ्लॅटवाल्यांना रस्ता सांगत हिंडणारे. ते पहिल्यांदा आले ते टिल्लूंच्या नळाला पाणी येतं का ते बघायला, आणि बसले ते बसलेच. पुढच्या शनिवारी बंडीच्या खिशातून एक कॅसेट काढली.

"साहेब, ह्ये आमच्या वडलांचं भजन हाय. गावातल्या पोरानं भरून दिल्यालं. मधी म्हस वरडती, आधीच सांगतो."

भजन लागलं. खरखरीत, मोकळा, रानातला आवाज. आणि ऐन रंगात आलेलं असताना खरोखरच म्हैस ओरडली. मी टिल्लूंकडे पाहिलं. पापणी हलली नाही.

संपल्यावर सोपानराव ओशाळून म्हणाले, "तेवढी म्हस कापता ईल का?"

"अजिबात नको. तुमचे वडील तिच्यासाठी थांबलेत. पुढची ओळ त्यांनी तिचं झाल्यावर घेतली. आमच्यातले किती गवई दुसऱ्यासाठी थांबतात?"

सोपानराव तोंडावर उपरणं धरून बसले. त्या दिवसापासून टिल्लूंच्या घरी भाजी विकत आणावी लागली नाही.

आणि शैलावहिनी. टिल्लूंची बायको. "मला त्यातलं काही कळत नाही हो," हे त्यांचं कायमचं पालुपद. मंडळी आली की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथीची जुडी घेऊन बसायच्या. टिल्लूंवरचा त्यांचा राग तसा जुनाच होता. लग्नानंतर पहिल्या रात्री या गृहस्थांनी त्यांना काय विचारलं असेल ते वाचकांनी ओळखलंच असेल. वहिनींनी उत्तर दिलं होतं, "तुमच्या आईचं घोरणं." टिल्लूंनी कान दिला आणि खरंच ते घोरणं ऐकलं. "पूर्ण," वहिनी सांगायच्या. "सकाळपर्यंत."

असे आमचे शनिवार बरीच वर्षं चालले. मग माझी बदली नागपूरला झाली आणि मी पुण्याला वर्षातून एखाद-दोनदा येणारा माणूस झालो. त्यामुळे पुढचं मी थोडं पाहिलं, थोडं खुद्द टिल्लूंकडून ऐकलं.

आधी सोपानराव गेले. वर्षभरापूर्वीच त्यांनी ती भजनाची कॅसेट टिल्लूंकडे सांभाळायला दिली होती. तेराव्याला टिल्लू ती घेऊन त्यांच्या चार मजली बंगल्यात गेले. मुलांना म्हणाले, "आज ही लावा. सगळे बसू, पूर्ण ऐकू." मुलं भली होती. त्यांनी सगळे मजले धुंडाळले. भिंतीएवढा टीव्ही होता, माणसाएवढे स्पीकर होते, कॅसेट वाजेल असं यंत्र नव्हतं. टिल्लू रिक्षा करून घरी गेले, आपला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन परत आले, तोवर पंगती उठल्या होत्या. मांडववाला खुर्च्या एकात एक अडकवत होता. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "साहेब, कॅसेट ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. आमच्याकडं कुठं वाजणार हाय ती?"

"लाडू फार छान होते," टिल्लू मला सांगत होते. "बांधूनही दिले."

दोन उन्हाळ्यांनंतर वहिनी गेल्या. मी धावत आलो. आयुष्यात पहिल्यांदाच मला माझं ते शास्त्र आठवेना. बसलो, पंख्याकडे बघितलं. टिल्लूच बोलले.

"तिला कळत नाही असं ती म्हणायची. तुम्हीही खरं मानत होतात."

"तुम्ही नव्हतात मानत?"

"तुम्ही सगळे तिच्याकडे पाठ करून बसायचात. मी समोर. एवढ्या वर्षांत तिनं मेथीची काडी समेच्या आधी कधी मोडली नाही." मग बराच वेळ शर्टाचं वरचं बटण बोटांनी चाचपत राहिले. "आता मी लावतो. पण समेला कुणी काही मोडत नाही."

तेव्हापासून टिल्लूंना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. शेजारी बसून तेच, त्याच वेळी, शेवटपर्यंत ऐकणारं एक माणूस. वाघ पाळायचा म्हटलं असतं तर पुण्यात कुठे ना कुठे जमलं असतं. हे जमलं नाही.

मी आलो की आम्ही बसत असू. पण वर्षातून एखाद-दोनदा येतो तो श्रोता नव्हे, पाहुणा. पाहुण्याला काय आवडेल ते बघून लावलं जातं. माझ्यासमोर टिल्लू त्यांचा आठवडा उघडत नव्हते, हे मला समजत होतं. आणि मला समजतंय हे त्यांनाही.

कुसुमताई मुलाकडे हिंजवडीला राहायला गेल्या होत्या. "हिंजवडीहून धनकवडीला येण्यापेक्षा सोलापूर जवळ पडतं," असं त्या म्हणत, आणि संध्याकाळची रहदारी पाहिलेला माणूस त्यावर वाद घालणार नाही. त्यांनीच प्रेमाने तोडगा काढला. फोनवर एक ग्रुप केला. नाव अर्थातच 'सध्या काय ऐकताय?' टिल्लूंना चांगला फोन घ्यायला लावला, कान झाकणारे हेडफोन भेट दिले. ग्रुपमध्ये आधी आम्ही जुने, मग कुसुमताईंची भिशी, भिशीतल्यांचे जावई, जावयांचे साहेब अशी रसिकांची संख्या भराभर वाढत गेली. इतकी, की पुण्यात गाणं न ऐकणारा माणूसच उरला नाही. सकाळी डोळा उघडावा तर गाणी दारात दुधाच्या पिशव्यांसारखी येऊन पडलेली. मी तीन दिवसांत पळ काढला. टिल्लू राहिले.

राहिले, आणि त्यांनी त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. आलेलं प्रत्येक गाणं ते ऐकू लागले. पूर्ण. सतरंजी घालून, शर्टाचं वरचं बटण लावून.

काळे नावाच्या एका सद्गृहस्थांनी कुठल्याशा मैफलीचं तासन्‌तास चालणारं ध्वनिमुद्रण पाठवलं. खाली लगेच टाळ्या, अंगठे, जोडलेले हात, "केवळ दैवी!" असा पाऊस पडला. मैफल अजून तानपुरे लावण्यापर्यंतही पोचली नसेल एवढ्यात तो पडून ओसरलाही. टिल्लूंनी दोन दिवस वेळ काढून ती ऐकली, दुसऱ्यांदा ऐकली, आणि मग बोटाने एकेक अक्षर शोधत अभिप्राय लिहिला: "फार सुरेख. शेवट तर अप्रतिम. पुन्हा पुन्हा अनुभवावासा वाटतो."

दुर्दैवाने त्याच्या अगदी वर भिशीतल्या एका बाईंचा निरोप होता: "आमच्या सासूबाई आज सकाळी शांतपणे गेल्या."

ग्रुपमध्ये स्फोट झाला. कुसुमताईंचा फोन आला.

"टिल्लू, आधी माफी मागा!"

"कशाबद्दल?"

"तुम्ही वरचं वाचलं नाहीत?"

"मी ऐकत होतो ना."

त्यांनी माफी मागितली, सासूबाई शेवटी काय ऐकत होत्या याची चौकशी केली, आणि पुन्हा माफी मागितली. मला फोनवर हे सांगताना ते हसत होते, मी तर कचेरीत टेबलावर डोकं ठेवून हसलो. पण हसणं थांबलं तसे म्हणाले, "मग मी त्या काळ्यांना फोन केला. म्हटलं, गैरसमज नको, मी तुमच्या मैफलीबद्दल लिहिलं होतं. ती द्रुत बंदिश सुरू करताना ते गवई जे थबकतात, तिथे तुम्हाला काय वाटलं? तर ते म्हणाले, अहो मी कुठे ऐकलंय! मला आलं, मी पुढे ढकललं."

"ग्रुपमध्ये असंच असतं, टिल्लू."

"ढकललं म्हणाला. दारात आलेल्या गाईला ढकलावं तसं." मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी एकटाच ऐकत होतो का हो?"

मी काहीतरी बोललो. काय बोललो ते सांगण्यासारखं नाही. अशा वेळी जे बोलतात तेच.

पुढच्या खेपेला मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते खुशीत दिसले. मला जरा भीतीच वाटली. चहा टाकून आले आणि म्हणाले, "मी एक प्रयोग केला. डेअरीत नमुना तपासायचो तसा." फोन माझ्यासमोर धरला. त्यांनी ग्रुपवर स्वतः केलेलं ध्वनिमुद्रण पाठवलं होतं. लावलं. सुरुवातीला तानपुरा, चांगला लांबलचक, शांत. मग तानपुऱ्यावरच टिल्लूंचा आवाज आला.

"नमस्कार. मी मनोहर टिल्लू. जो कुणी इथपर्यंत ऐकत असेल त्याने येत्या शनिवारी चार वाजता माझ्याकडे यावं. काही आणायची गरज नाही. मी चहा करतो. आपण बसू." मग पुन्हा तानपुरा. शेवटपर्यंत.

खाली प्रतिसाद होते. जोडलेले हात. "समाधी लागली!" "काय आवाज आहे, कोण आहेत हे?" "टिल्लूकाका, तुमची निवड म्हणजे प्रश्नच नाही!" कुसुमताईंचं फूल.

"आणि शनिवारी?" मी विचारलं.

"शनिवारी सतरंजी घातली. मोठं पातेलं ठेवलं. चार वाजले, मग साडेचार, मग काय, वाजतच राहतात ते." टिल्लूंनी माझ्या कपात चहा ओतला. "शेवटी मीच प्यायलो. साखर कमी पडली होती. म्हटलं, बरं झालं कुणी आलं नाही, शोभा झाली असती."

मी हसलो नाही. त्यांना ते आवडलं नसावं. विनोद वाया गेला की त्यांना वाईट वाटे. "कुसुमताईंना सांगू का?" मी विचारलं.

"छे! बिचाऱ्या वाईट वाटून घेतील, आणि मग दोन तास रहदारीत बसून येतील. तशी आलेली माणसं ऐकत नाहीत हो. ती आलेली असतात, एवढंच."

टिल्लू गेल्याचं मला नागपुरात कळलं, तेही सगळं आटोपल्यावर. आमच्या त्या शास्त्राप्रमाणे भेटायला जावं, तर घरात भेटायला कुणी नव्हतं. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या चहाच्या भेटीनंतर काही महिन्यांनी, कात्रजच्या बसमध्ये, आणि त्यांना ते माहीत नव्हतं.

मी मागच्या दाराशी लोंबकळत होतो. बस गच्च भरलेली. दोन बाकं पुढे टिल्लू बसलेले दिसले. हाक मारावी तर मधे किमान अर्धं पुणं. त्यांच्या शेजारी चाळिशीचा एक गृहस्थ होता, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात इअरफोन, डोळे मिटलेले. त्याच्या इअरफोनमधून थोडा आवाज बाहेर झिरपत होता. माझ्यापर्यंत पोचत होती ती नुसती बारीक चिकचिक, वाळू चाळल्यासारखी. टिल्लूंपर्यंत मात्र आणखी काहीतरी पोचत असावं. कारण त्यांची मान हळूहळू त्या बाजूला कलली होती. डोळे मिटले होते. हात गुडघ्यांवर. बस खड्ड्यातून गेली, सगळे हिंदकळले, ती मान तेवढी जागची हलली नाही. दोघेही डोळे मिटून शेजारी शेजारी बसलेले, आणि टिल्लूंची तर्जनी गुडघ्यावर किंचित वर उचललेली. कसली तरी सम येत होती.

तेवढ्यात त्या गृहस्थाने डोळे उघडले. आपल्या खांद्याशी आलेलं ते पांढरं डोकं त्याला दिसलं. तो खरोखर सज्जन माणूस होता. त्याने घाईघाईने एका कानातला इअरफोन काढला.

"सॉरी हं काका. आवाज बाहेर येतोय ना? त्रास झाला का तुम्हाला?"

"नाही नाही," टिल्लू गडबडीने म्हणाले. "असू दे. असू दे ना."

"नाही, चूक माझीच आहे," तो म्हणाला, आणि त्याने आवाज कमी केला. चिकचिक थांबली. त्याने इअरफोन पुन्हा कानात घातला आणि डोळे मिटले.

टिल्लूंनी आपली मान सरळ केली, आणि उचललेलं बोट हळूच खाली गुडघ्यावर ठेवलं.